नवी करू नका, चालती करा

या वेळचं पत्र औसा तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. चार पानी आहे, म्हणून थोडक्यात देतो.

"काका, माझ्या वडिलांची 1992 ची टाटा मोबाईल पिकअप आहे. अण्णांनी आधी तिच्यावर मोंढ्याचा भुसार माल वाहिला, पुढे खताची दुकानदारी सुरू केल्यावर खत. किल्लारीचा भूकंप झाला त्या दिवशी, 30 सप्टेंबर 1993 ला, त्यांनी हौद्यात गाद्या टाकून जखमींना लातूरला नेलं, हे आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तेव्हा हीच गाडी टाकी घेऊन आमच्याकडं वस्तीवस्तीवर फिरली. आता सहा वर्षं झाली, गोदामामागं कडुलिंबाखाली उभी आहे. मागच्या दिवाळीआधी अण्णा गेले. मोठा भाऊ म्हणतो, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकारनं बंद केल्यात, जालन्याचा व्यापारी किलोवर घ्यायला तयार आहे, देऊन टाकू. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, पावणेतीन लाख द्या, इंजिन बदलून, रंग काढून शोरूममधून आणल्यासारखी करून देतो. मला दोन्ही पटत नाही. सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात कागदापासून करा. पान्याला नंतर हात लावू. मी तीस वर्षं गॅरेज चालवलं, तरी हे सांगतोय, कारण गाडी सुरू होऊन दारात उभी राहिली आणि मग घरात वाद पेटला, असं मी दोनदा पाहिलंय.

भावाचं पंधरा वर्षांचं म्हणणं अर्धं ऐकलेलं आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा जो गाजलेला निर्णय आहे, तो दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता. सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्या 2023 पासून मोडीत काढायला लागले, तेही सरकारी गाड्यांपुरतं. आपल्याकडं खाजगी मालकाची जुनी गाडी नुसत्या वयामुळं बंद होत नाही. ती फिटनेसला पास झाली पाहिजे, एवढीच अट. तुमची मालवाहू म्हणून नोंदलेली असणार, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं. सहा वर्षं उभी आहे म्हणजे ते संपलंय, विमा संपलाय, पर्यावरण कर थकलाय, आणि नव्या पद्धतीची नंबरप्लेटही बसवायची राहिली असेल. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून काय काय थकलंय ते बघून घ्या. मग लातूरच्या आरटीओत जाऊन नेमका आकडा लिहून आणा. शुल्कं वरचेवर बदलतात आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला जास्तच पडतं, म्हणून मी इथं रक्कम छापत नाही. एजंटाच्या तोंडचा आकडा मात्र धरू नका.

आणि मुख्य गोष्ट, गाडी अजून अण्णांच्या नावावर आहे. मालक वारला की वारसानं तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत 31 नंबरच्या फॉर्मवर नाव बदलायला अर्ज करायचा, असा कायदा आहे. मुदत उलटून गेली असली तरी दंड भरून काम होतं. त्या अर्जाला मृत्यूचा दाखला लागतो आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणजे भावाची सही. भंगारात द्यायची म्हटली तरी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद आधी लागतात. कागद न बदलता किलोवर दिली, तर लोखंड जालन्याच्या भट्टीत वितळून सळई होईल आणि नोंदणी अण्णांच्या नावानं तशीच जिवंत राहील. उद्या त्या नंबरचं काही निघालं तर उत्तर द्यायला तुम्ही दोघं. द्यायचीच ठरली तर नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या. भावाला एवढंच सांगा, की तुझं ऐकायचं ठरलं तरी आणि माझं ऐकायचं ठरलं तरी पहिला कागद एकच आहे. तो आधी करू.

कुणी 'व्हिंटेज करून घ्या' म्हणालं तर सोडून द्या. त्याला गाडी पन्नास वर्षांवरची लागते आणि ती धंद्याची नसावी लागते. तुमची 2042 ला पन्नाशीची होईल.

आता पावणेतीन लाखांचं बोलू. तो माणूस फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याला हेच काम येतं आणि यातच पैसा आहे. पण 'शोरूमसारखी' म्हणजे काय, ते समजून घ्या. दरवाजे काढणार, रंग पत्र्यापर्यंत खरवडणार, जिथं पत्रा कुजलाय तिथं तुकडा टाचणार, वर लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, थापणार, घासणार, रंग मारणार. सहा महिने चकाकेल. लांबीखाली गंज राहिला असेल तर दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतील, आणि तेव्हा ते भोक पहिल्यापेक्षा मोठं झालेलं असेल. इंजिन 'दुसरं टाकतो' म्हणजे कुठल्या तरी अपघाती गाडीतलं, ज्याची जन्मकुंडली कुणालाच माहीत नाही. शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत त्याची नोंद करण्याचं लचांड वेगळं. तुमच्या गाडीचं इंजिन बसलंय की चांगलं आहे, हे त्यानं बघितलंय का? पत्रात तसं कुठं दिसत नाही.

माझं मत विचाराल तर गाडी नवी करू नका. आधी तिचं सडणं थांबवा, मग ती चालती करा, आणि रंगाला हातच लावू नका.

सडणं थांबवायला मेस्तरी लागत नाही. खुरपं, बादली आणि दोन रविवार पुरतात. आपल्याकडं कोकणासारखा खारा वारा नाही, तरी गाड्या सडतात, त्याची तुमच्या बाबतीत तीन कारणं दिसतात. एक, काळी माती. ती चेसीच्या खोबणीत, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर आणि मडगार्डच्या आतल्या कडेला बसते आणि पाणी धरून ठेवते. वरून वाळल्यासारखी दिसते, आतून दिवाळीपर्यंत ओली असते. दोन, कडुलिंब. त्याचा पाला काचेखालच्या जाळीतून आत जातो, पाणी जायची भोकं बुजवतो, आणि पाणी आतल्या आत पायाखालच्या पत्र्यावर उतरतं. रबरी मॅट उचलून बघा, ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा बोटानं दाबा. तीन, खत. हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. खताचे दाणे हवेतला ओलावा ओढतात आणि त्या खारट पाण्यात पत्रा झपाट्यानं गंजतो. हौद्याच्या फळ्या किंवा वरचा पत्रा उचलता येत असेल तर उचला, आडव्या पट्ट्यांवर पांढरट थर दिसेल. तो भरपूर पाण्यानं धुवा. एकदा धुऊन भागत नाही. धुवा, वाळू द्या, पुन्हा धुवा.

मग गाडी झाडाखालून काढून पत्र्याच्या शेडमध्ये घ्या. वर प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत दमट होतं. चाकं जमिनीवरून उचलून ठोकळ्यावर ठेवली तर उत्तम. उघड्या गंजाला तारेचा ब्रश मारा, रस्ट कन्व्हर्टर लावा, वाळल्यावर चांगला प्रायमर. खालून जळकं ऑइल फवारायची आपल्याकडं पद्धत आहे. मला ती आवडत नाही. त्यावर धूळ बसून परत तोच चिखल तयार होतो आणि रबरी बुश फुगतात. माझ्याशी वाद घालणारे मेस्तरी आहेत, घालोत. पत्रा आरपार गेला असेल तिथं कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगनं बसवायचा, लांबीनं बुजवायचा नाही. काम झाल्यावर गॅरेजवाल्यासमोरच रुमालात लोहचुंबक धरून त्या जागेवर फिरवा. चिकटलं नाही तर आत लांबीच आहे.

आता इंजिन. तुमच्या गाडीत 1948 सीसीचं डिझेल इंजिन आहे, हीटर प्लगवालं, म्हणजे आधी तापवून सुरू करायचं. साधं, हळू, पण खूप सोसणारं. धक्के झेलायला पुढं टॉर्शन बार, म्हणजे पिळणारा दांडा, आणि मागं पाटे. याच घराण्यातून 1991 ला सिएरा आली आणि 1994 ला सुमो. सुमो म्हणजे जपानी पैलवान असं माझी नातवंडं समजतात, पण ते नाव टाटांचा पुण्याचा कारखाना उभा करणारे सुमंत मुळगावकर यांच्या इंग्रजी नावातली अक्षरं घेऊन ठेवलंय. हे सांगायचं कारण असं, की 'या गाडीचे पार्ट मिळत नाहीत' असं कुणी म्हटलं तर त्याला जुन्या सुमोचे विचारा. इंजिनाचे पुष्कळ भाग जमतात. मी माझ्या काळात अशा पार्टसाठी रात्रीची गाडी धरून हैदराबादला जायचो. आता मेस्तरी फोनवर मागवतात. दरवाजे, काचा, डॅशबोर्ड यांचं मात्र खरंच अवघड आहे, म्हणून जे आहे त्यातलं काही फेकू देऊ नका. फुटलेला दिवासुद्धा डब्यात घालून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची सूचना, नवी बॅटरी आणून कुणीही सेल्फ मारायचा नाही. धक्का तर मुळीच नाही. ही चूक मी स्वतः केलीय. गॅरेज टाकून दुसरंच वर्ष होतं. एका शेतकऱ्याची पाच वर्षं उभी असलेली जीप आली, तो घाईत, मी त्याहून घाईत. बॅटरी जोडली, सेल्फ मारला. पहिल्या फिरकीला 'टक्' असा बारीक आवाज आला, इतका बारीक की मी दुसऱ्यांदाही मारला. एक व्हॉल्व्ह गंजून त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिथं, अडकला होता, आणि खालून पुशरॉड हा लांब दांडा रॉकरमार्फत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीमार्फत, त्याला दाबत होता. पुशरॉड काकडीसारखा वाकला. हेड उघडावं लागलं, पैसे माझ्या खिशातून गेले, आणि तो शेतकरी आठवडाभर रोज येऊन गॅरेजच्या पायरीवर बसायचा. काही बोलायचा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून असं करायला सांगा. चारही नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे, काढायचे. प्रत्येक भोकातून चहाच्या चमच्यानं दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मंनिम्मं करून सोडायचं. दोन दिवस तसंच ठेवायचं. मग वरचं झाकण काढून रॉकरवर ऑइल सोडायचं, गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते बघायचं, आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं, सावकाश, इंजिन फिरवायचं. नोझल काढल्यामुळं दाब नसतो, ते फिरायला पाहिजे. कुठं अडलं तर जोर नाही करायचा. थोडं मागं, थोडं पुढं, पुन्हा ऑइल, पुन्हा एक दिवस. पूर्ण दोन फेरे न अडता झाले आणि रॉकर सगळे वरखाली होताना दिसले, की समजा तुमचे पावणेतीन लाखांतले बरेच पैसे वाचले. हा पाना फिरत असताना तुम्ही तिथं हजर राहा. मेस्तरी 'फिरतंय ताई' म्हणेल, तुम्ही म्हणा, पुन्हा फिरवून दाखवा.

मग टाकी. सहा वर्षांचं डिझेल हे डिझेल राहत नाही. टाकी खाली उतरवून ओतून घ्या, तळाला पाणी आणि काळा बुळबुळीत गाळ निघेल. टाकी धुवायची, रबरी पाइप सगळे बदलायचे, फिल्टर नवा. डिझेलचा पंप उघडू द्यायचा नाही. तो गॅरेजच्या ओट्यावर उघडायची वस्तू नव्हे. पंप आणि नोझल बेंचवर तपासणारा वेगळा माणूस असतो, लातूरला सहज मिळेल. नोझल बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे घ्या. यावर वाचवलेले पन्नास रुपये पुढं हेडला महागात पडतात.

रेडिएटरमध्ये अण्णा काय घालायचे हे मी न विचारता सांगतो, बोअरचं पाणी. सगळेच घालतात. आपल्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. रेडिएटर काढून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांतून सळई घालून साफ करून घ्या, आणि पुढं कूलंट घाला, डिस्टिल्ड पाण्याबरोबर.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. हातब्रेक ओढून उभी केली असेल तर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला धरलेले असतील, हातोड्यानं ठोकण्याआधी ढिले करून बघायचे. ब्रेकचं मात्र काहीही जुनं ठेवू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं आणि सिलिंडर आतून गंजतात. रबरी कप, होज, ऑइल, सगळं नवं. टायर चांगले दिसत असले तरी कडेला चार आकडे असतात ते वाचा. 2315 असेल तर 2015 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. अशा टायरवर गाडी शेडमधून अंगणात आणा, रस्त्यावर नको. वायरिंगमध्ये उंदरांनी घरं केली असणार. बॅटरी जोडायच्या आधी सगळ्या वायरींवरून हात फिरवा. आणि विमा, फिटनेस होईपर्यंत गॅरेजला नेताना दुसऱ्या गाडीवर लादून न्या. 'जवळच तर आहे' म्हणून दोर बांधून ओढत नेऊ नका.

पैसे एकदम देऊ नका. इंजिन फिरलं की एक हप्ता, सुरू झालं की दुसरा, ब्रेक झाले की तिसरा. चांगला मेस्तरी याला नाही म्हणत नाही.

राहिला रंग. तुम्ही पत्राबरोबर जो फोटो पाठवलाय त्यात मागच्या फाळक्याचा कोपरा दिसतो, आणि त्यावर हातानं काढलेली पिवळी अक्षरं, लाल सावली दिलेली. 'आई' पूर्ण आहे, पुढचं कडुलिंबाच्या फांदीनं झाकलंय. ही अक्षरं काढणारे पेंटर होते, आता सगळीकडं कापलेली रेडियमची अक्षरं चिकटवतात. 'ई'ला जो शेवटचा झोका दिलाय ना, तो कात्रीनं येत नाही. गॅरेजवाला रंग खरवडेल तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात हे जाईल, आणि नंतर तो म्हणेल, तसंच काढून देतो. देणार नाही. म्हणून गाडी कुणाच्याही हाती द्यायच्या आधी फाळका काढून घरात आणा. साध्या साबणाच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं पुसा. पॉलिशचं कंपाउंड घासू नका, अक्षरं उठून येतील. वर ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिलीनं अक्षरं उतरवून घ्या. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप राहील. बाकीच्या गाडीला जिथं प्रायमर लावलाय तिथं जुन्याशी मिळताजुळता रंग मारा, ठिगळ दिसलं तर दिसू द्या. हौद्याच्या आतले ओरखडे तर मी असेच ठेवीन. त्यातले पोत्यांचे कुठले आणि पाण्याच्या टाकीचे कुठले, हे तुमच्या भावाला बहुतेक सांगता येईल. पत्रावरून वाटतं, त्या वेळी टाकीजवळ उभा राहायला तोच जात असेल.

शेवटी सुरू करायचा दिवस. नवं ऑइल, नवा फिल्टर, कूलंट भरलेलं. आधी फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा. सुरुवातीला फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, तेव्हा स्क्रू बंद. नंतर सेल्फ मारत नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले करायचे आणि डिझेल आलं की आवळायचे. हीटर नीट तापू द्या. सुरू झाल्यावर पांढरा धूर भरपूर येईल, टाकलेलं ऑइलही जळेल, घाबरू नका. ऑइलचा दिवा विझला पाहिजे. दहा सेकंदांत विझला नाही तर बंद.

आणि एक धोका. इतकी वर्षं उभं असलेलं डिझेल इंजिन कधी कधी सुरू होऊन सुसाट सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण पंपाचा दांडा अडकलेला असतो किंवा ते स्वतःचंच ऑइल ओढून जाळत असतं. त्यासाठी एअर फिल्टरचं तोंड उघडं ठेवायचं आणि एका माणसानं जाड सपाट फळी हातात धरून तिथंच उभं राहायचं. आवाज चढायला लागला की फळी तोंडावर दाबून धरायची, हवा तुटली की इंजिन मरतं. हात किंवा कापड लावायचं नाही, ओढलं जातं. मेस्तरी चावीवर असेल, त्यामुळं फळीला दुसरा माणूस लागेल, अंगानं दणकट आणि न घाबरणारा. भावाला त्या दिवशी सुट्टी काढायला सांगा.